ज्ञानाचे मोल आणि ग्रंथाची किंमत

विद्वत्तापूर्ण ग्रंथ ही बाजारातील इतर वस्तूंसारखीच एक वस्तू आहे काय? भाकरी एकाने खाल्ली की ती दुसऱ्यास उरत नाही. विचाराचे तसे नाही. तो हजारांनी वाचला तरी तसूभरही घटत नाही. परंतु विचार वाचकापर्यंत पोहोचायचा तर ग्रंथ छापावा लागतो, आणि ग्रंथाला किंमत असते. या दोहोंतील विसंगतीतच आजच्या विद्यापीठीय प्रकाशनव्यवसायाचे सारे प्रश्न साठलेले आहेत.

चांगला शास्त्रीय ग्रंथ बहुधा एखाद्या मतभेदातून जन्मास येतो. १९१३ साली केन्स यांनी हिंदी चलनावरील आपल्या ग्रंथात सुवर्ण-विनिमय पद्धतीचा पुरस्कार केला. दहा वर्षांनी, १९२३ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधात त्या भूमिकेवर कठोर टीका केली. लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या संस्थेने तो प्रसिद्ध केला. त्याची प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी शिष्याचे अनेक मुद्दे आपणांस मान्य नसल्याचे त्याच प्रस्तावनेत सांगून टाकले. गुरूला न पटलेले मत गुरूच्याच प्रस्तावनेसह छापले जावे, याहून विद्याव्यवहाराचे निकोप लक्षण कोणते? अशा ग्रंथाचा वाचकवर्ग मात्र प्रारंभी मूठभरच असतो.

मग त्याचा खर्च सोसायचा कोणी? आजचे उत्तर विचित्र आहे. संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाचे वेतन बहुतांशी सार्वजनिक निधीतून येते. शोधनिबंध लिहिल्याबद्दल त्याला प्रकाशकाकडून काही मिळत नाही आणि तो तपासणारे तज्ज्ञही सहसा विनामोबदलाच काम करतात. नंतर तोच मजकूर विद्यापीठाचे ग्रंथालय भरमसाट वर्गणी भरून विकत घेते. एका नियतकालिकाची जागा दुसरे घेऊ शकत नसल्याने येथील मागणी अलवचीक असते. किंमत वाढली तरी ग्राहक हटत नाही, कारण त्याला जाण्यास दुसरे दुकानच नसते. मक्तेदारीचे याहून ठळक उदाहरण मला तरी वर्गात देता येत नाही.

या व्यवस्थेची कसोटी दिल्लीत लागली. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा दाखल केला. अभ्यासक्रमात नेमलेल्या निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणांच्या प्रती एकत्र बांधून विद्यार्थ्यांना स्वस्तात देणे, हा तो अपराध! ज्यांची पाने तेथे छापली जात होती, अशा लेखकांपैकी कित्येकांनीच या दाव्याला जाहीर विरोध केला. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट दिलेली आहे. तिचा आधार घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दावा फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने हे तत्त्व उचलून धरले. मात्र प्रती अध्यापनासाठी खरोखर आवश्यक होत्या काय, हा मुद्दा फेरसुनावणीसाठी पाठविला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

प्रकाशकांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. संपादन, मुद्रितशोधन, सूची, तज्ज्ञांकडून परीक्षण ही कामे फुकट होत नाहीत, आणि छोटी आवृत्ती महाग पडणारच. विशेषतः लहान प्रकाशक झेरॉक्सच्या यंत्राखाली चिरडला जाऊ नये, हेही खरे. परंतु ज्या विद्यार्थ्याला मूळ ग्रंथ घेणे कधीच परवडणारे नव्हते, त्याने प्रत काढल्याने प्रकाशकाचा कोणता ग्राहक बुडाला?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना खुली करण्याचा तिचा संकल्प आहे. आडगावच्या सरकारी महाविद्यालयास मुंबई-दिल्लीच्या बरोबरीने वाचता यावे, हे स्वागतार्हच होय. मात्र मक्तेदाराचे बिल सर्वांच्या वतीने सरकारने भरले म्हणून मक्तेदारी संपत नाही. शिवाय हा सारा खर्च नियतकालिकांवर आहे; ग्रंथांवर नव्हे, आणि मराठीवर तर नव्हेच.

१९६८ च्या सुमारास केंद्राने विद्यापीठीय ग्रंथ देशी भाषांत व्हावेत म्हणून प्रत्येक राज्यास एक कोटी रुपये देऊ केले होते. त्यातून नागपुरास महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभे राहिले, त्याने अनेक ग्रंथ काढले आणि पुढे ते बंद पडले. आज मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढे बहुधा उरतात ती परीक्षेपुरती गाइडे. त्यांत उत्तरे असतात, वाद नसतो. आणि ज्याने वाद वाचलेला नाही, तो उद्या वाद घालणार कसा?

म्हणून सहा हजार कोटींचा एक छोटासा अंश तरी देशी भाषांतील नव्या, स्वतंत्र ग्रंथांसाठी राखून ठेवावा, आणि सार्वजनिक पैशांतून झालेले संशोधन सर्वांना विनामूल्य खुले असावे, एवढी मागणी विद्यापीठांनी लावून धरली पाहिजे. विचार वापरल्याने झिजत नाहीत. ते झिजतात न वापरल्याने.