गर्भवतीची पावले आणि कायद्याची वेस

मजुरीचा हिशेब मांडताना स्त्रीच्या पावलांचा विचार सहसा होत नाही. गर्भारपणात रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे अस्थिबंध सैलावतात, वजन दहा-बारा किलोंनी वाढते. तळपायाची कमान खचू लागते व तिला उचलून धरणाऱ्या, घोट्याच्या आतून जाणाऱ्या स्नायुरज्जूवर ताण येतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या २०१३ च्या अभ्यासात ४९ स्त्रियांची पावले मोजली गेली. बाळंतपणानंतर कित्येक महिन्यांनीही बहुतेकींची पावले लांबलेली आढळली, विशेषतः पहिलटकरणींची.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने प्रसूतीपूर्वीच्या अखेरच्या आठवड्यांत फार वेळ उभे राहण्याचे काम नाकारण्याची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती राखली. परंतु ती आस्थापनांपुरती! रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील कामगार स्त्रीला ती मागता येते. पेणच्या खाचरात दिवसभर लावणी करणाऱ्या मजूरणीने, किंवा मोळी डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या कातकरणीने ती कोणाकडे मागावी? मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. रोज ३०० रुपये धरला, तर ही सतरा दिवसांचीही मजुरी नव्हे. तिकडे रजा सव्वीस आठवड्यांची, तीही भरपगारी. निदान लावणीच्या हंगामात, सातव्या महिन्यापासून पुढे, अशा स्त्रियांना बुडीत मजुरी शासनाने द्यावी.