नागपूरच्या दहावीत समाजशास्त्रे

विषय आणि गुण : राज्य मंडळाच्या दहावीत इतिहास व राज्यशास्त्र ४० गुणांचे, भूगोल ४० गुणांचा; २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. सीबीएसईत इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र मिळून ८० गुण, अंतर्गत २०.

पुस्तकात काय? : राज्य मंडळाच्या इतिहासात इतिहासलेखन, कला, प्रसारमाध्यमे, पर्यटन, राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रिया व चळवळी, भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना. या भूगोलाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा!

शहरातच क्षेत्रभेट :
• शून्य मैलाचा दगड : वालुकाश्माचा स्तंभ, शेजारी चार घोडे. ब्रिटिशकालीन सर्वेक्षणाची ही खूण वहीत रेखाटून घ्यावी.
• अजब बंगला : १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय.
• सीताबर्डी किल्ला : १८१७ची भोसले-इंग्रज लढाई इथलीच.
• दीक्षाभूमी : १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.
• विधानभवन : १९५३च्या नागपूर करारामुळे उपराजधानीत भरणाऱ्या अधिवेशनाची वास्तू.

दहावीनंतर : अकरावी कला शाखेत इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र हे स्वतंत्र विषय. प्रवेशाआधी महाविद्यालयात कोणते विषय शिकवतात, हे जरूर विचारा.