तळ्यातील भाऊबंदकी

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पाच जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. पूर्वी मुख्यतः भातशेतीसाठी बांधलेल्या या तलावांवर आज ढीवर बांधवांच्या अनेक सहकारी संस्थांची उपजीविका चालते. उन्हाळ्यात पाणी ओसरून जाळे ओढले की एक गोष्ट अनेकदा दृष्टीस पडते. एकाच दिवशी सोडलेल्या रोहूंपैकी काही चांगले भरलेले असतात, तर काही वीतभरही वाढलेले नसतात. अशा वेळी दोष बियाण्याला दिला जातो. परंतु पुष्कळदा खरे कारण एकाच जातीच्या माशांत अन्नासाठी चालणाऱ्या स्पर्धेत असते.

माशाची वाढ केवळ वयावर ठरत नाही. मिळणाऱ्या अन्नावर ती फार अवलंबून असते. कटला पृष्ठभागाजवळील प्राणीप्लवंग खातो, रोहू मधल्या थरातील वनस्पतिजन्य अन्न घेतो, तर मृगळ तळाचे कुजके सेंद्रिय पदार्थ वेचतो. मिश्र मत्स्यसंवर्धन याच तत्त्वावर आधारलेले आहे. मात्र रोहूचा सर्वांत निकटचा प्रतिस्पर्धी दुसरा रोहूच असतो, कारण दोघांचे तोंड सारखे आणि भूकही सारखी. त्यांतही जो प्रारंभी थोडा मोठा असतो, तो अन्न आधी गाठतो व अधिक वाढतो. लहान मागे पडतो आणि हे अंतर दिवसेंदिवस वाढत जाते.

मरळ माशात ही स्पर्धा जिवावर बेतते. त्याची लालसर पिले थव्याने फिरतात आणि आईबाप त्यांची राखण करतात. प्रथम प्राणीप्लवंग, पुढे कीटक आणि नंतर मासे, असा त्यांचा आहार बदलत जातो. वाढ विषम झाली की मोठे पिलू लहान भावंडालाच गिळते.

निसर्गात या स्पर्धेवर तोडगाही निघतो. आइसलँडमधील थिंगवालावातन सरोवरात सामन कुळातील एकाच जातीच्या माशाचे चार प्रकार आढळतात. मोठा व लहान असे दोन प्रकार तळाशी गोगलगाईंसारखे जीव खातात, तिसरा प्लवंग टिपतो आणि चौथा मासे खातो. त्यांच्या जबड्यांची ठेवणही निरनिराळी आहे. हिमयुग संपल्यानंतरच्या सुमारे दहा हजार वर्षांत ही विभागणी घडली. आपल्या तलावातील एका हंगामाच्या पिकाला एवढी सवड नसते. तेथे नियोजन माणसानेच करावयाचे असते.

१० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर मत्स्यबीज सुलभ झाले. पण ‘जितके बीज अधिक, तितकी मासळी अधिक’ हा समज मात्र चुकीचा आहे. खत व पूरक खाद्य दिल्या जाणाऱ्या तळ्यात सर्वसाधारणपणे हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकल्या सोडतात. केवळ नैसर्गिक अन्नावर अवलंबून असलेल्या मोठ्या तलावात हे प्रमाण पुष्कळच कमी ठेवावे लागते.

म्हणून बोटुकल्या शक्यतो एकाच आकाराच्या निवडाव्यात, तिन्ही जातींचा मेळ राखावा आणि मरळीची पिले वेळोवेळी आकारानुसार वेगळी करावीत. तलावाचा ठेका देताना व मत्स्यबीज खरेदीस मान्यता देताना ग्रामपंचायतींनी आकड्याइतकेच या बाबींकडे लक्ष दिले, तर त्याच पाण्यातून ढीवर कुटुंबाच्या हाती अधिक वजनाची मासळी येईल.