किशोरवयीनांचे पोषण

सर्वसाधारणपणे १० ते १९ वर्षे वयातील मुलामुलींचे पोषण. या काळात उंची, स्नायू व हाडे झपाट्याने वाढतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलास दररोज सु. २,८६० व मुलीस २,४०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. लोहाची गरज मात्र मुलीस अधिक (३० मिग्रॅ.; मुलास २२ मिग्रॅ.) असते, मासिक रक्तस्राव हे त्याचे प्रमुख कारण होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) देशातील १५ ते १९ वर्षांच्या ५९.१% मुलींत रक्तक्षय आढळला.

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत ज्वारी-बाजरीची भाकरी हा पारंपरिक आहार होय. बाजरीत लोह असले, तरी तिच्यातील फायटेटांमुळे ते पुरते शोषले जात नाही. भाकरीबरोबर मोड आलेली मटकी, लिंबू वा पेरू घेतल्यास शोषण वाढते; जेवणालगतच्या चहाने ते घटते.

या वयात वजनाची योग्यायोग्यता केवळ काट्यावरून ठरत नाही; उंची, वय व लिंग विचारात घ्यावे लागते. कडक उपवासाने स्नायू व हाडे यांची वाढ खुंटू शकते. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये (१९५२) कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे. कुस्तीची परंपरा असलेल्या या भागात वजनगटासाठी पाणी तोडणे विशेष धोक्याचे ठरते. अमेरिकेत १९९७ मध्ये अशा प्रकारे वजन उतरविताना तीन महाविद्यालयीन मल्ल मृत्यू पावले. वजन जास्त असल्यास गोड व तळलेले पदार्थ कमी करून नियमित व्यायाम करणे हितावह असते. जेवण मात्र वगळू नये.