तोरणमाळ : भूमी आणि नाम

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर तोरणमाळ हे गाव वसले आहे. गावाच्या नावाचा विचार करण्यापूर्वी त्याच्या भूमीचा विचार करणे अवश्य आहे. कारण येथे नामाचे एक अंग भूमीनेच दिलेले आहे.

डोंगरी गावाचा कठीण पाषाण पाहून त्यास ग्रॅनाइट समजण्याचा मोह होतो. परंतु ग्रॅनाइट भूगर्भात खोलवर, सावकाश थिजतो. तोरणमाळचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेल्या लाव्ह्याचा बेसाल्ट होय. हे थर एकावर एक आडवे बसले. पुढे नर्मदा व तापी यांच्या खचलेल्या खोऱ्यांमधील हा प्रदेश उंच राहिला, आणि झिजेमुळे वर सपाटी व कडेला तुटलेले कडे असे रूप त्यास आले. अशा उंच, मोकळ्या सपाटीस मराठीत ‘माळ’ म्हणतात. कालिदासाच्या मेघदूतातही उंच शेतजमिनीसाठी ‘माल’ हा शब्द आला आहे. तेव्हा नामाचे उत्तरपद निर्विवाद आहे.

पूर्वपदाविषयी मात्र मतभेद संभवतो. तोरण म्हणजे कमान, तोरणादेवी, किंवा तोरण नावाची काटेरी, आंबटगोड पांढऱ्या फळांची रानवेल, असे तीन अर्थ सुचतात. तिन्हींत शब्दरूप एकच असल्याने केवळ ध्वनीवरून निर्णय होत नाही. साम्य पाहिले पाहिजे. पिंपळनेर, वडगाव यांप्रमाणे वनस्पतीवरून स्थळ ओळखणे ही आपल्याकडील सर्वसामान्य रीत आहे. पुणे जिल्ह्यातील तोरणा किल्ल्याचे नावही याच वनस्पतीवरून पडल्याचे सांगतात. देवतेचे नाव स्थळावरून पडल्याचीही अनेक उदाहरणे आहेत. म्हणून देवीवरून गाव की गावावरून देवी, हे आधी ठरवावे लागेल. तूर्त वनस्पतीचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मच्छिंद्रनाथाची गुहा, गोरखनाथाचे मंदिर व महाशिवरात्रीची यात्रा यांनी गावास नाथपंथीय ओळख दिली. परंतु नामात त्या पंथाची खूण नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अंतिम निर्णयासाठी पावरी व भिली भाषकांच्या तोंडचे उच्चार हवेत. इंग्रजी दप्तरांत हे नाव ‘तुरणमाल’ असे उतरले. ते ऐकणाऱ्याच्या कानाचे साक्षी आहे, बोलणाऱ्याच्या जिभेचे नव्हे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा भिली व खानदेशी भाषांविषयीचा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भाषांचे नमुने आहेत, पाड्यापाड्यांची नावे नाहीत.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. सरदार सरोवराच्या जलाशयाने मणिबेलीसह याच जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. गाव हलले म्हणजे गावाचे नाव कागदावर उरते. पण ओढा, टेकडी, शेताचा बांध यांची नावे बोलणाऱ्यांबरोबरच विखुरतात. तोरणमाळचा माळ जागेवर आहे, आणि त्याच्या कानाकोपऱ्यांची नावे जाणणारी माणसेही तेथे आहेत. ती नावे त्यांच्याच उच्चारात टिपून ठेवणे हे या विषयाच्या अभ्यासकांचे पहिले कर्तव्य होय.