घोट्याच्या हाडाची साक्ष

‘माकडांचा आणि माणसाचा आद्य पूर्वज तेलंगणात सापडला आणि त्याला नागपूरच्या हिस्लॉप यांचं नाव दिलं आहे, हे खरं का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. नावाचं खरं आहे. पूर्वजपणाचा दावा मात्र टिकला नाही. तो का टिकला नाही, ही हकिकत मला पूर्वज सापडण्याइतकीच मोलाची वाटते.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे लोट एकावर एक पसरत होते. दोन लोटांच्या मध्ये कधीकधी मोठी उसंत मिळे. तेवढ्यात खडकावर तळी साचत, झाडोरा वाढे, बेडूक, मासे, गोगलगायी येत, आणि पुढचा लोट येऊन सगळं झाकून टाकी. भाकरींच्या चवडीत मध्येच कुठे चटणीचा पातळ थर लागावा, तसे हे गाळाचे थर काळ्या पाषाणात सापडतात. हैदराबादच्या पश्चिमेला नसकल गावाजवळच्या अशाच एका थरातून अशोक साहनी आणि त्यांचे विद्यार्थी जी. व्ही. आर. प्रसाद यांनी एक-दोन मिलिमीटरचे काही दात मिळवले. १९८८ मध्ये ‘नेचर’मध्ये ते जाहीर झाले. डायनोसॉरच्या अखेरच्या काळातला, भारतात सापडलेला हा पहिला सस्तन प्राणी. नाव ठेवलं डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी.

हे दात कुदळीने खणून हाती लागत नाहीत. गाळ पोत्यांत भरून आणायचा, वाळवायचा, पाण्यात भिजवून मोकळा करायचा, बारीक जाळीच्या चाळणीवर धुवायचा आणि मागे उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली कण कण करून निवडायचा. बातमीत या कामाचा उल्लेख क्वचितच येतो, पण सगळं शास्त्र त्यावरच उभं आहे.

आणि हिस्लॉप कोण? नागपूरकरांना हे नाव कॉलेजच्या पाटीवरून ठाऊक असतं. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा चालवली, गोंडांची भाषा, गाणी आणि चालीरीती टिपून ठेवल्या, आणि फिरता फिरता दगड गोळा केले. शहराजवळच्या टाकळीला, लाव्हाच्या थरांमधल्या गाळात, त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, वनस्पती आणि किड्यांचे अवशेष मिळाले. १८५५ मध्ये दोघांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिलेला निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. लाव्हा थंडावल्यावर इथे जीवन पुन्हापुन्हा परतत होतं, हे त्या अवशेषांनी दाखवलं. १८६३ च्या सप्टेंबरात, टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना, पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप वाहून गेले. त्यांच्या हाती सस्तन प्राण्याचा एकही दात लागला नव्हता. तरी शोधाची दिशा त्यांनी दाखवली होती, म्हणून सव्वाशे वर्षांनी त्यांचं नाव त्या दाताला मिळालं, हे मला फार योग्य वाटतं.

आता मूळ मुद्दा. त्या काळी भारत आशियाला जोडलेला नव्हता. मादागास्करपासून तुटून एकटाच उत्तरेकडे सरकत होता. आपण ज्या शाखेत मोडतो त्या शाखेचे प्राणी तोवर मुख्यतः उत्तरेकडच्या खंडांतूनच माहीत होते. ते या बेटावर कसे आले, हे कोडं होतंच. त्यात १९९४ मध्ये प्रसाद आणि पॅरिसचे मार्क गोदिनो यांनी नसकलच्याच गाळातली घोट्याची आणि टाचेची हाडं प्रसिद्ध केली, आणि प्रकरण रंगलं.

खार झाडावरून डोकं खाली करून उतरते तेव्हा तिचा मागचा पाय नीट पाहा. पंजा उलटा वळून नख्या वरच्या दिशेने सालीत रुतलेल्या असतात. हे जमतं, कारण घोट्याचं हाड टाचेच्या हाडावर तिरकं फिरू शकतं. जमिनीवर धावणाऱ्या प्राण्यांत हा सांधा घट्ट बसलेला, पुढे-मागे हलण्यापुरताच असतो. हाडं सुटी सापडली तरी त्यांच्या सांध्याचे पृष्ठभाग पाहून पाय किती वळत होता ते कळतं. डेक्कनोलेस्टिसचा पाय झाडावर चढणाऱ्याचा होता. झाडावर राहणारा इवला प्राणी, डायनोसॉरच्या काळातला. मग हा नरवानरांच्या, म्हणजे लेमूर, माकडं आणि माणूस ज्यात येतात त्या गटाच्या, मुळाशी असेल का? २०१० मध्ये आणखी हाडं तपासून तीच शक्यता पुन्हा मांडली गेली.

अशा वेळी बातमीला पाय फुटतात. आदल्याच वर्षी ते जगाने पाहिलं होतं. जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीतला, ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा ‘इडा’ नावाचा सुंदर, जवळजवळ अखंड सांगाडा न्यूयॉर्कमध्ये गाजावाजा करून दाखवला गेला. पुस्तक आणि माहितीपट आधीच तयार होते. माणसाच्या वंशातला हरवलेला दुवा म्हणून तिची जाहिरात झाली. पाच महिन्यांत एरिक साइफर्ट आणि सहकाऱ्यांनी इजिप्तमधल्या नव्या जीवाश्मासह शेकडो लक्षणांची तुलना केली. इडा लेमूरांच्या बाजूची निघाली, आपल्या नव्हे. अशा जाहिरातीने विज्ञानाचं नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे, कारण नंतरची दुरुस्ती तितक्या लोकांपर्यंत कधीच पोहोचत नाही.

डेक्कनोलेस्टिसचं नशीब चांगलं. अंजली गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली २०११ मध्ये दात आणि हाडं मिळून मोठी तुलना झाली. निष्कर्ष असा, की हा प्राणी नरवानरांचा पूर्वज तर नाहीच. आज जिवंत असलेल्या, वारेवर पिल्लू वाढवणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या फांद्या फुटण्याआधीच वेगळ्या झालेल्या एका जुन्या फांदीवरचा आहे. झाडावर चढण्याची कला त्याने स्वतंत्रपणे कमावली होती. या निबंधाच्या लेखकांत साइफर्ट आहेत, आणि खुद्द प्रसादही आहेत! ज्यांनी ती हाडं शोधली, नात्याची शक्यता मांडली, त्यांनीच ती खोडून काढण्यात हात दिला. घोट्याचं हाड खोटं बोललं नव्हतं. प्राणी काय करत होता ते त्याने अचूक सांगितलं. तो कुणाचा कोण, हे एकट्या घोट्याला सांगता येत नाही.

भारतातले खरेखुरे आद्य नरवानर सापडले ते सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत. वय सुमारे ५ कोटी ४५ लाख वर्षं. तिथेही साहनी आहेत. राजेंद्र राणा, किशोर कुमार, अमेरिकेचे केनेथ रोझ, बेल्जियमचे थिएरी स्मिथ हे त्यांचे सहकारी. इथल्या एका प्राण्याचं नाव मार्कगोडिनोटिया, त्याच गोदिनोंच्या सन्मानार्थ. २००८ मध्ये इथल्या काही दातांवरून आशियातला सर्वांत जुना वानर जाहीर झाला होता. रोझ यांच्या गटाला ते दात मार्कगोडिनोटियाचेच वाटतात. २०१६ मध्ये हातापायांची २५ हाडं प्रसिद्ध झाली. लेमूर-लोरिस एकीकडे आणि टार्सिअर, माकडं, माणूस दुसरीकडे, ही फारकत त्यांत जेमतेम दिसू लागलेली आहे. ज्ञात नरवानरांपैकी इतकी आदिम हाडं फार थोडी.

मग हे प्राणी इथेच घडले की आशियातून आले? खाणीतल्या राळेत अडकलेले किडे सांगतात की तोवर बाहेरच्या जगाशी येणं-जाणं सुरू झालं होतं. घोडा आणि गेंड्यांच्या आद्य नातेवाइकांबद्दलही हाच प्रश्न आहे. उत्तर अडलंय ते नसकल आणि वस्तानच्या मध्ये. या सुमारे १ कोटी १५ लाख वर्षांतल्या भारतीय सस्तन प्राण्यांची पाटी जवळजवळ कोरी आहे. त्या काळातला, जमिनीवर किंवा तळ्यात साचलेला गाळ शोधून तो पोत्यांनी चाळणीवर आणावा लागेल, आणि त्यासाठी लागणारा पैसा गाजावाजा न होताही मिळायला हवा.