सुटीत मुलांना गोधडी शिकवा, पण कडेपासून

घरातल्या नानीचे डोळे साथ देतात तोवरच मुलांना गोधडी शिकवून घ्या, असं आम्ही म्हणू. नवशिक्यांसाठी उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची 'कवंदी' सोपी. त्यांच्यात मुस्लिम आणि ख्रिस्ती बायका ती शिवतात. जुनी साडी अंथरायची. अम्मीची ओढणी, अब्बांची लुंगी यांचे तुकडे कडा दुमडून कोपऱ्यापासून लावायचे आणि धावदोरा घालत कडेकडेने आत यायचं. शिवण मधोमध संपते. मापं नाहीत, मशीन नाही. तुकडा अपुरा पडला? शेजारी दुसरा लावा. शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची 'फुलं' हवीतच, त्यांच्याशिवाय कवंदी उघडी समजतात. मुलग्यांनाही बसवा बरं का! पहिल्यांदा बाळाच्या दुपट्याएवढी पुरे.